भागूला कळेल असे

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

छाया आली. सोबत सरिता गावित नावाची तिशीतली मुलगी होती, सुरगाण्याकडची. ती छायावर माहितीपट करते आहे. माझी भाची बुडापेस्टला बॅले नाचते हे नाशिक रोडच्या निम्म्या लोकांना माझे आजवर सांगून झाले आहे. उरलेल्यांना आता पडद्यावर दिसेल.

चित्रीकरण झाले आहे. निवेदन मी लिहायचे आणि मीच बोलायचे. छायाची अट एकच आहे. निवेदन मराठीत हवे आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, त्यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे. भागू मखमलाबादला झेंडू आणि शेवंती पिकवते. तिला वाचता येत नाही, म्हणजे पडद्याखाली छापलेल्या ओळींचा तिला उपयोग नाही. पूर्वी तिकडच्या लोकांनी छायावर अर्ध्या तासाची एक फिल्म केली होती, इंग्रजीतून. ती बघताना दहाव्या मिनिटाला भागू भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसली होती.

"आईला कळलं नाही तर मी सही करणार नाही," छाया म्हणाली.

"आणि पंधरा ऑक्टोबरपर्यंत हिची सही मिळाली नाही तर माझं दोन वर्षांचं काम गेलं, सर," सरिता म्हणाली. ही मुलगी फार कमी बोलते. बोलली ते एवढेच.

नोटांच्या प्रेसमधल्या युनियनच्या गेट मीटिंगपासून गावोगावच्या व्याख्यानमालांपर्यंत मी चाळीस वर्षे एकच गोष्ट सांगत आलो. जगातली कुठलीही गोष्ट मराठीत सांगता येते. सांगणाऱ्याला जमत नसेल तर त्याने स्वतःकडे बघावे, भाषेकडे नव्हे. आता ते करून दाखवायचे. मी प्रतिभाला तसे म्हणालो. ती पोळ्या लाटत होती.

"भागूताईंना कळायचंय," ती म्हणाली, "गेटवरच्या लोकांना नाही."

३७ वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या एकाही भाषणाला शेवटपर्यंत बसलेली नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सरिताने संगणकावर छायाच्या नाचांचे चित्रीकरण दाखवले, तिकडच्या थिएटरने वेळोवेळी घेतलेले. तीन तास गेले, कळले नाही. छाया हवेत गेली की खाली यायचे विसरते असे वाटते. मला त्यातले काही कळत नाही, हे या वहीत लिहायला हरकत नाही.

शाळेसाठी ती आमच्याकडे राहायची. देवळाली कॅम्पात खोरशेदबाई नावाच्या एक पारशी बाई घरातल्या दिवाणखान्यात चार मुलींना बॅले शिकवत. मी छायाला स्कूटरवरून नेई आणि बाहेर चिंचेखाली वाचत बसे. सहा वर्षे. कितीतरी ग्रंथ त्या चिंचेखाली वाचून झाले. आत एकदाही डोकावलो नाही. पुढे ती परदेशी जायची ठरली तेव्हा मेहुणे गोटीराम आणि त्यांच्या सगळ्या भावकीसमोर मी पावणेदोन तास बोललो होतो, हे मात्र खरे. त्या दिवशी भागू एकच वाक्य बोलली होती. काय, ते आता आठवत नाही.

चित्रीकरण संपल्यावर सरिता खाली गेली आणि छायाने मला सांगितले. एप्रिल २०२३मध्ये एका प्रयोगात उडीवरून उतरताना तिचा डावा घोटा मोडला. त्याच पायावर तिने पुढची चार मिनिटे पूर्ण केली. दोनदा ऑपरेशन झाले. आता ती स्टेजवर नाचू शकणार नाही. तिथेच लहान मुलांना शिकवते.

भागूला यातले काहीच माहीत नाही. दर रविवारी फोन होतो आणि छाया सांगते, या आठवड्यात अमुक नाचले.

"अडीच वर्षं?" मी म्हणालो.

"सांगायला घेते रे दरवेळी. आणि ती आधीच विचारते, काय नाचलीस."

"मग माहितीपटात?"

"आहे ना. प्रयोग आहे, हॉस्पिटल आहे, सगळं आहे. म्हणून तर तुझ्याकडे आले मामा. तू नीट सांगशील. तोवर आईला काही बोलू नकोस."

म्हणजे माझ्यावर केवढा विश्वास. सत्य तर सांगायचे आणि भागूच्या जिवाला लागू द्यायचे नाही. हे काम दुसऱ्या कुणाला जमणारे नाही, म्हणून पोरगी एवढ्या लांबून माझ्याकडे आली.

९ सप्टेंबर, मंगळवार

एकेचाळीस शब्द झाले. बॅलेतल्या प्रत्येक क्रियेच्या फ्रेंच नावाला मराठी शब्द. बोटांच्या टोकावर उभे राहणे ही पदाग्रस्थिती. गुडघे वाकवणे हे जानुनमन. एक पाय मागे लांबवून दुसऱ्यावर तोलणे हा एकपादप्रसर. पाय फाकून घेतलेली लांब उडी, ते दीर्घोत्प्लवन. शेवटच्या शब्दासाठी दोन दिवस गेले.

आणि ते वाक्य. 'गुल्फसंधीवरील शल्यकर्मानंतर तिच्या कलासाधनेने मंचीय आविष्काराकडून अध्यापनाकडे प्रस्थान केले.' यात असत्य काही नाही. आणि भागूला काही टोचणारही नाही. ते लिहून झाले तेव्हा मी उठून खिडकीपाशी उभा राहिलो. इतके बरे बऱ्याच दिवसांत वाटले नव्हते.

प्रतिभाने वहीत डोकावून विचारले, "हे गोल्फचं मध्येच काय?"

१४ सप्टेंबर, रविवार

मखमलाबादला गेलो. भागू झेंडूत खुरपत होती. मी बांधावर उभे राहून सगळे निवेदन वाचले. पंचेचाळीस मिनिटे. ती खुरपता खुरपता ऐकत होती. मध्ये एकदा माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा वाफ्यात बसली. वाचून संपले तेव्हा तिने पदराने तोंड पुसले.

"लय मोठं झालं दादा," ती म्हणाली. "चहा ठेवू का?"

माझ्या लिखाणाला मोठे म्हणणारे बरेच भेटले. पण स्वतःच्या बहिणीने म्हणणे वेगळे.

तेवढ्यात छाया शेताकडे आली. चालताना ती बांधाच्या उंचवट्यावर डावा पाय आधी टाकत नाही, ते माझ्या लक्षात आले. भागू लगेच तिच्याशी भलतेच बोलू लागली. "त्या पोरीनं नखावरचं घेतलं का? आन् तुझा बगळा?" छाया म्हणाली, "घेतलाय आई, बगळा घेतलाय." पक्ष्यांचे फोटो काढायला ती सरिता बहुधा गंगापूर धरणावर गेली असावी. मी जरा थांबून पाहिले, पण निवेदनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरिता आली होती. चहा झाला. मग म्हणाली, "सर, मी काल मावशींना विचारलं, निवेदनातलं काय कळलं."

"मग?"

तिने फोनवर आवाज लावला. भागू हसत बोलत होती. "दादा बोलतो तव्हा लय बरं वाटतं आयकाया. ल्हानपणी पण तो असाच बोलायचा, मी म्हशीमागं आन् तो बांधावर. छायाचं नाव तीनदा आलं, ते कळलं."

मी विचारले, "अजून?"

"एवढंच आहे, सर."

सरिताने फोन खिशात ठेवला. प्रतिभा आतून कप न्यायला आली आणि काही न बोलता परत गेली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

दहा हजार माणसांच्या सभेत मी पाठीमागच्या माणसाचे तोंड बघून सांगू शकतो की याला पटले की नाही. सहा हातांवर बसलेल्या बहिणीचे तोंड मी पाहिलेच नाही. कागद पाहत होतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सोप्या शब्दांत दुसरा खर्डा केला. पदाग्रस्थितीचे अंगुष्ठासन केले. छायाने तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मामा, तू घोट्याचं वाक्य तसंच ठेवलंयस."

"ते बदलायचं नाही. विचार करून लिहिलंय."

"मला ते तीनदा वाचावं लागलं. माझंच ऑपरेशन आणि मलाच कळेना."

"म्हणूनच तर. भागूलाही कळणार नाही."

तिने खर्डा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "तू कुणाला वाचवतोयस रे?"

"तुम्हा दोघींना."

"मी कधी म्हटलं मला वाचव?" ती उठली. "माझी अट काय होती, मामा? एकदा आठव."

अट मला आठवते. शब्द न् शब्द. पण अट आणि व्यवहार यात फरक असतो, आणि एखाद्या वाक्यापुरती सवलत घ्यावी लागते. आजच्या मुलांना नाजूक गोष्ट नाजूकपणे सांगणे म्हणजे काय ते समजत नाही. हे तिला शांतपणे समजावणार होतो, पण ती मामीजवळ जाऊन भाजी निवडत बसली. नंतर दोघींचे हसणे ऐकू आले. माझ्याविषयीच असावे.

आज काही लिहिले नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

दसरा परवावर. भागूकडे फुलांची तोडणी जोरात. सकाळी सहाला गेलो. लिखाण होत नाही तर निदान हात तरी चालू दे म्हणून. गोटीराम पहिली गाडी घेऊन बाजारात गेले होते. छाया आणि सरिता दुसऱ्या टोकाला क्रेट भरत होत्या. मी भागूच्या शेजारच्या सरीत होतो. तोडणीला आलेल्या मालनबाई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पाटाच्या पाण्यापाशी थबकल्या.

भागू ओरडली, "मालनबाई, छायावाणी पाटउडी नका मारू. फुलं सांडतील."

"आता हे वय हाय का पाटउडीचं," मालनबाई म्हणाल्या आणि पाण्यातून चालत गेल्या.

मी विचारले, "छायावाणी म्हणजे?"

"ती नाय का घेत, दोनी पाय फाकून. ह्या बाजूनं त्या बाजूला. आपण ल्हानपणी पाट वलांडायचो तशी. फकस्त तिच्याखाली पाणी नसतं." तिचे हात चालूच होते. "तू लिव्हलं असशील की ते."

दीर्घोत्प्लवन. मी लिहिले होते.

मी एक फूल धरून तसाच उभा राहिलो असेन, कारण ती म्हणाली, "देठ नको जास्त ठेवू दादा. काय झालं?"

"आणि ते नखावरचं काय म्हणालीस त्या दिवशी?"

"नखावर उभी ऱ्हाते ती. पार नखावर. पहिल्यांदा फोनवर म्हनली तर मला खोटंच वाटलं. मग म्हनली, आई, बुटात लाकडावानी कडक असतं. मी म्हटलं, तरी नखच ते."

"आणि बगळा?"

भागूने पाटी खाली ठेवली. हातभर रुंद बांधावर उभी राहिली, साडीचा काष्टा जरा वर ओढला, एक पाय मागे नेला आणि दोन्ही हात पसरले. एकोणसाठ वर्षांची बाई. दोन-तीन क्षण ती तशी राहिली आणि मग हसत माझ्या खांद्यावर पडली.

तोडणी संपेपर्यंत मी विचारत होतो आणि ती सांगत होती. गुडघे वाकवणे म्हणजे दबणे. जोडीदार उचलतो ते पाटी देणे, कारण भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागतेच. उचलणाऱ्याने दम धरला नाही तर पाटीवाली हेंदकाळते. तो फुगीर घागरा म्हणजे शेवंती. गिरकी एकीची भिंगरी, आणि सगळ्या मिळून घेतल्या तर भोवरा. सतरा वर्षे दर रविवारी फोनवर दोघींनी हे बसवले आहे. छाया सांगायची कसे दिसते, आणि भागू नाव ठेवायची. परदेशातल्या त्या मंचावर ही पोरगी मनातल्या मनात 'दब, पाटउडी, उतर, बगळा' असे म्हणत नाचली आहे. आज मी तिलाच विचारले. "मग काय," ती म्हणाली, "फ्रेंचमध्ये मोजत बसले असते तर पडले असते."

एवढे बोलून ती घाईने पुढचा क्रेट भरायला गेली.

मी कधी उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न जाहीरपणे विचारलेला नाही. सभेत तसे करायचे नसते. आज तीन तास तेवढेच केले. सरिताने आमच्या मागून सगळे ध्वनिमुद्रित केले आहे, हे मला नंतर कळले. रागावणार होतो. ती म्हणाली, "सर, निवेदन झालं. तुम्ही विचारायचं, मावशींनी सांगायचं."

"आणि मी लिहिलंय ते?"

"तुमचा 'म्हणजे?' फार छान येतो, सर."

५ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहून ठेवायचे आहे.

दुपारी भागूच्या पडवीत बसलो. चित्र समोर चालू ठेवायचे, मी विचारायचे, भागूने बघून सांगायचे. समोर कॅमेरा होता, पण तिला त्याचे काही वाटत नव्हते, कारण पडद्यावर छाया होती. खरी छाया उंबऱ्यात बसली होती. भागू एकेक नाव घेत होती. "ही दबली. हा बगळा. आता भिंगरी, मोज दादा, सात. नाय, आठ."

मग सरिताने तो प्रयोग लावला. आधी मला सांगायला हवे होते. छायाकडे पाहिले तर ती माझ्याकडे बघत नव्हती.

"ही पाटउडी," भागू म्हणाली. "आन् ही उतरली." ती थांबली. "ए पोरी, जरा मागं घे."

सरिताने मागे घेतले. तिसऱ्यांदा घेतले तेव्हा भागू पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"ही उतरली नाय. ही पडली."

मी म्हणालो, "भागू, ती पुढे नाचतेय बघ."

"नाचू ऱ्हायली. पन डाव्यावर भार देईना. पाय गेला हितं तिचा." ती माझ्याकडे वळली. "दादा, तुला ठाव व्हतं."

चाळीस वर्षांत माझ्यावर असा प्रसंग आलेला नाही. शब्द नव्हते असे नाही. गुल्फसंधी माझ्या जिभेवर होती. मी तोंड उघडले आणि छाया उंबऱ्यातून म्हणाली, "आई, घोटा मोडला होता. दोनदा ऑपरेशन झालं. आता मी नाचत नाही. शिकवते."

भागू उंबऱ्याकडे वळली.

"मंग दर ऐतवारी काय सांगत व्हतीस मला?"

"जुनं."

"तरीच. तोच नाच मला तीनदा सांगितला. मी म्हटलं, पोरीला घरची सय येती, दुसरं सुचत नसंल. म्हनून मीबी पहिल्यांदाच आयकल्यावानी करायची."

छाया रडू लागली. भागूने हात पुढे केला आणि म्हणाली, "दाव."

छायाने मोजा काढला. भागूने घोटा हातात घेतला, अंगठ्याने वणावरून दाबत गेली, हाडाच्या दोन्ही बाजूंनी. "हितं?" "हो." "हितं?" "थंडीत." दोघी खाली बघत तेवढेच बोलत राहिल्या. मी उठून अंगणात गेलो. तिथे काही काम नव्हते.

सरिता आधीच बाहेर उभी होती. कॅमेरा तिच्या हातात, बंद.

"तू हे घेतलं नाहीस?" मी म्हणालो. "अगं, असा प्रसंग पुन्हा मिळणार नाही."

"मिळू नये, सर," ती म्हणाली.

जाताना छायाने मला वाकून नमस्कार केला. ती कधी करत नाही. म्हणाली, "एकदा तू त्या उडीसाठी दोन दिवस शब्द शोधलास ना, मामी सांगत होती." मी म्हणालो, तो शब्द टाकला मी. ती म्हणाली, "टाकू नकोस, वहीत ठेव." तिने मला माफ केले आहे असे वाटते. नेमके कशाबद्दल, ते अजून पुरते लक्षात आलेले नाही. मला वाटत होते की तिला हे आईपासून दूर ठेवायचे आहे. तिला ते आईपर्यंत न्यायचे होते, आणि मी मध्ये एकेचाळीस शब्द घेऊन उभा होतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कॉलेज रोडच्या एका लहानशा स्टुडिओत उरलेले ध्वनिमुद्रण. सगळा माहितीपट भागूच्या आवाजात चालतो, माझे ठिकठिकाणी "म्हणजे?" आहे. ओळीने बोललेले माझे वाक्य एकच. सरिता म्हणाली, ते सरच बोलतील. मी लिहून नेले होते: 'दोन हजार तेवीस साली छायाचा डावा घोटा मोडला. ती आता स्टेजवर नाचत नाही. ती मुलांना शिकवते.' 'स्टेजवर'ऐवजी आधी 'मंचावर' लिहिले होते, ते खोडले.

साधे वाक्य, पण जमेना. पहिल्या वेळी श्रद्धांजलीसारखे आले. दुसऱ्या वेळी मोर्च्यासारखे. सरिता काचेपलीकडून दरवेळी "छान, सर, अजून एकदा" म्हणे. छायाही हेडफोन लावून तिच्या शेजारी बसली होती. सातव्या वेळेनंतर सरिता आत आली, भागूला घेऊन. तिला माझ्यासमोर स्टुलावर बसवले आणि म्हणाली, "सर, कागद बाजूला ठेवा. मावशींना सांगा."

सरिता काचेपलीकडे परत गेली. भागू माझ्याकडे बघत होती. चांगली साडी नेसून आली होती, हातांना झेंडूचा पिवळेपणा होता तो गेलेला नव्हता. मी तिच्याकडे बघितले आणि सांगितले.

"दोन हजार तेवीस साली छायाचा डावा घोटा मोडला. ती आता स्टेजवर नाचत नाही. ती मुलांना शिकवते."

"बरं," भागू म्हणाली.

मी हात वर केला आणि काचेकडे बघून म्हणालो की मध्ये आवाज आला, पुन्हा घेऊ. सरिताने मान हलवली, नको. मग तिने एक कागद छायापुढे सरकवला. छायाने हेडफोन काढले नाहीत. तशीच वाकून सही केली.

भागूने मला हळूच विचारले, "मी बोलायचं नव्हतं का रे दादा?"

मी म्हणालो, तुझंच बरोबर होतं.